तेलापाण्याच्या बांधावर

संक्रांतीच्या आधी, भोगीच्या भाकरीसाठी बाजरी दळायला गेलं की आमच्या गिरणीतले काका आईला दरवर्षी तेच सांगायचे. "वहिनी, बाजरी आठ दिवसांपुरतीच दळा. जास्त दळलीत तर कडू होईल." गहू दळताना त्यांनी असं कधी सांगितल्याचं आठवत नाही. ज्वारी दळतानाही नाही. बाजरीचंच पीठ कडू का व्हावं, हा प्रश्न मला लहानपणी पडला होता. त्याचं उत्तर मिळायला मात्र कॉलेजातल्या जीवरसायनशास्त्राच्या तासापर्यंत थांबावं लागलं.

बाजरीच्या दाण्यात साधारण ५ टक्के मेद असतो, म्हणजे गव्हाच्या दुपटीहून जास्त. दाण्याच्या मानानं तिचा अंकुर मोठा असतो आणि बराचसा मेद त्या अंकुरातच साठलेला असतो. दाणा अखंड असतो तोवर मेद त्याच्या जागी आणि मेदाला तोडणारं विकर त्याच्या जागी असतं. म्हणूनच बाजरी कणगीत वर्षभर नीट राहते. दळताना मात्र दोघांची गाठ पडते. विकर मेदाचे रेणू तोडायला लागतं, त्यातून मेदाम्लं सुटी होतात, पुढे हवेतला ऑक्सिजन त्यांच्यावर काम करतो आणि आठ-दहा दिवसांत पिठाला कडवट चव नि खवट वास येतो. या विकराचं नाव लायपेज.

त्यावर उपायही या माहितीतूनच निघतो. बाजरी दळण्याआधी थोडा वेळ उकळत्या पाण्यात बुडवून काढली आणि कडकडीत वाळवली, तर उष्णतेनं लायपेज निकामी होतं आणि पीठ बरंच जास्त टिकतं. अलीकडे हैदराबादच्या इक्रिसॅट या संस्थेतल्या शास्त्रज्ञांना बाजरीच्या काही वाणांमध्ये लायपेजची दोन जनुकं मुळातच बिघडलेली आढळली. त्या वाणांचं पीठ कमी खवट होतं. ज्यांच्या ताटात रोज बाजरी आहे, त्यांच्यासाठी हा शोध माझ्या मते फार मोलाचा आहे. बाजरी मागे पडली त्यामागे इतर कारणं आहेतच, पण "पीठ टिकत नाही" हे स्वयंपाकघरातलं कारणही काही छोटं नाही.

तांदळाच्या कोंड्याचंही तेच. कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असतं, पण भात सडून कोंडा वेगळा झाला की काही तासांतच त्यातली सुटी मेदाम्लं वाढायला लागतात. त्यामुळे खाण्याचं तेल काढायचं असेल तर कोंड्याला लगेच वाफ द्यावी लागते किंवा तो ताबडतोब तेल गिरणीत पोचवावा लागतो. डोक्यातल्या कोंड्यालाही मराठीत कोंडाच म्हणतात, आणि तिथेही मुळाशी लायपेजच आहे. आपल्या टाळूवर मॅलेसेझिया नावाची बुरशी राहते. तिला स्वतःची मेदाम्लं तयार करता येत नाहीत. म्हणून ती लायपेज सोडून टाळूवरचं तेल तोडते आणि हवी ती मेदाम्लं उचलते. जी उरतात, विशेषतः ओलेइक आम्ल, ती काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. मग खाज सुटते आणि पापुद्रे निघतात.

मेद तुटतो म्हणजे नेमकं काय होतं? मेदाचा रेणू तीन फाट्यांच्या डहाळीसारखा असतो. ग्लिसरॉलच्या छोट्याशा दांड्यावर मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. मेद हा ग्लिसरॉल आणि मेदाम्लं यांचा बनलेला असतो, हे पहिल्यांदा उलगडलं ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी. प्राण्यांच्या चरबीपासून साबण कसा होतो, याचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १८२३ साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. साबण करताना चरबी फोडायला दाहक अल्कली लागते आणि कढई तापवावी लागते. लायपेज तेच काम शरीराच्या तापमानाला, गाजावाजा न करता करतं. जोडाच्या ठिकाणी पाण्याचा एक रेणू घालायचा आणि साखळी सुटी करायची, इतकंच त्याचं काम.

आपल्या पोटात हे काम कोण करतं, याचा शोध एका सशापासून सुरू झाला. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी ती हकिगत स्वतःच लिहून ठेवली आहे. १८४६ च्या हिवाळ्यात त्यांच्या प्रयोगशाळेत बाजारातून ससे आणले होते. सशांनी टेबलावर लघवी केली, आणि ती स्वच्छ आणि आम्लधर्मी होती. गवत खाणाऱ्या प्राण्याची लघवी गढूळ आणि अल्कधर्मी असते. स्वच्छ लघवी मांसाहारी प्राण्याची. बर्नार यांनी ताडलं की ससे उपाशी आहेत आणि स्वतःच्याच मांसावर जगत आहेत. हा तर्क तपासण्यासाठी त्यांनी सशांना उकडलेलं मांस खायला घातलं. पुढे त्यातला एक ससा उघडून पाहताना त्यांचं लक्ष आतड्यातून निघणाऱ्या बारीक वाहिन्यांकडे गेलं. मेद शोषला गेला की या वाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसतात. कुत्र्यात हा पांढरेपणा जठराच्या जवळूनच सुरू होतो. सशात मात्र तो बराच पुढे, सुमारे फूटभर अंतरावर सुरू होत होता. सशाच्या स्वादुपिंडाची नळीही नेमकी तिथेच, पित्ताच्या नळीपासून तेवढ्याच अंतरावर आतड्यात उघडते. याचा अर्थ, एकट्या पित्तानं मेद पचत नव्हता. स्वादुपिंडाचा रस मिसळला की मगच पचत होता.

मला ही गोष्ट फार आवडते. टेबलावरची ओल पुसून कामाला लागणारे त्या प्रयोगशाळेतही असतीलच. बर्नार थांबले आणि त्यांनी ती पाहिली.

आता लायपेजच्या स्वभावातल्या सर्वांत विलक्षण गोष्टीकडे येऊ. बहुतेक विकरं पाण्यात विरघळलेली असतात आणि ज्याच्यावर काम करायचं तो पदार्थही पाण्यातच विरघळलेला असतो. दोघं सहज भेटतात. लायपेजची अडचण अशी, की ते स्वतः पाण्यातलं आणि त्याचं खाद्य तेलातलं. त्यांची भेट होऊ शकते ती फक्त तेलाचा थेंब आणि पाणी एकमेकांना टेकतात त्या पृष्ठावर. दोन शेतांच्या मधे जसा बांध, तशी ही जागा. १९५८ साली फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये सार्दा आणि देन्युएल या शास्त्रज्ञांनी हे प्रयोगानं दाखवलं. पाण्यात मेदासारखा पदार्थ थोडा थोडा वाढवत नेला. तो विरघळलेला होता तोवर लायपेज जवळजवळ स्वस्थ बसून होतं. पाणी संपृक्त झालं, जास्तीचा पदार्थ न विरघळता बारीक थेंबांच्या रूपात वेगळा राहू लागला, आणि त्याच क्षणी लायपेजचा वेग एकदम उसळला.

त्याला बांध आल्याचं कळतं कसं? याचं उत्तर मिळायला आणखी बत्तीस वर्षं गेली. १९९० साली दोन लायपेजांची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या मदतीनं उलगडली. एक माणसाच्या स्वादुपिंडातलं आणि दुसरं ऱ्हायझोम्युकर मायहाय या बुरशीतलं. दोन्हींमध्ये मेद तोडणारी जागा खोल आत दडलेली होती आणि तिच्यावर चक्क एक झाकण होतं. विकर नुसत्या पाण्यात असतं तेव्हा झाकण बंद. तेलाच्या पृष्ठाला टेकलं की झाकण बाजूला सरकतं, त्याची तेल मानवणारी आतली बाजू बाहेर येते आणि साखळीला आत जायला वाट मिळते. आत सेरीन, हिस्टिडीन आणि अॅस्पार्टिक आम्ल असं तीन अमिनो आम्लांचं त्रिकूट बसलेलं असतं. प्रत्यक्ष तोडणी तेच करतं. माणूस आणि बुरशी यांच्या वाटा शंभर कोटीहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी तेलाशी कसं वागायचं याची दोघांचीही रीत तीच आहे.

बांध जितका लांब, तितकं काम जास्त. तेलाचा एक मोठा थेंब फोडून त्याचे हजारो बारीक थेंब केले तर पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. आपल्या शरीरात हे काम पित्त करतं. पण पित्ताचे क्षार थेंबांवर इतकी दाटी करतात की लायपेजलाच टेकायला जागा उरत नाही. म्हणून स्वादुपिंड सोबत कोलायपेज नावाचं एक छोटं प्रथिन पाठवतं. ते पित्तक्षारांच्या गर्दीत थेंबाला धरून राहतं आणि लायपेजला तिथे टेकवतं.

बुरशीला मात्र पोटच नाही. तिला आधी पचवावं लागतं आणि मग खावं लागतं. ज्याच्यावर वाढायचं त्यावर ती विकरं सोडते, बाहेरच पचन होतं आणि विरघळलेलं अन्न तिचे तंतू शोषून घेतात. उद्योगांना बुरशी इतकी प्रिय आहे ती यामुळेच. विकर पेशीच्या बाहेर, भोवतीच्या द्रवात तयार मिळतं. पेशी फोडायची गरज नाही, गाळलं की काम झालं. जिवाणूंमधलं लायपेजही काही नवं नाही. बेरीबेरीवरच्या संशोधनासाठी पुढे नोबेल मिळालेले क्रिस्तियान आइकमन यांनी १९०१ सालीच काही जिवाणूंमध्ये ते नोंदवलं होतं. एरंडीच्या बीमध्येही लायपेज असतं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत एरंडीच्या वाटलेल्या बियांनी चरबी फोडण्याची पद्धत वापरात आली होती. तरीही आजच्या कारखान्यांत मोठा मान बुरशी आणि यीस्ट यांचाच आहे.

कुठली बुरशी लायपेज करते, हे ओळखण्याची रीत इतकी सोपी आहे की ती कुठल्याही कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाहायला मिळते. काचेच्या बशीत अगार ओततात आणि त्यात ट्रायब्युटिरिन नावाचा मेद घोटून मिसळतात. बशी ताकासारखी पांढुरकी, अपारदर्शक दिसते. तेलगिरणीच्या आवारातली चिमूटभर माती पाण्यात कालवून तिचा एक थेंब त्यावर पसरायचा आणि बशी दोन-तीन दिवस ऊबेला ठेवायची. झाकण उघडलं की आंबट, जुन्या लोण्यासारखा वास येतो. तो सुट्या झालेल्या ब्युटिरिक आम्लाचा. काही वसाहतींच्या भोवती पांढुरका भाग निवळून स्वच्छ कडं पडलेलं दिसतं, चंद्राला खळं पडावं तसं. जिथे खळं आहे तिथे मेद तुटला आहे. खळं जितकं रुंद, तितका तो जीव कामाचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा. अशा बशांमधून निवडलेले जीव तिथे जिवंत जपून ठेवतात. लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातही अशा विकरांचा शोध घेतला गेला आहे, कारण तिथले जीव ज्या पाण्यात तगतात ते पाणी साबणाच्या पाण्याइतकं अल्कधर्मी असतं.

नीट न वाळलेल्या खोबऱ्यावर बुरशी चढली की त्याला साबणासारखी चव का येते, हेही आता सांगता येईल. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं. बुरशीचं लायपेज ते सुटं करतं आणि सुट्या लॉरिक आम्लाची चव साबणासारखीच लागते. दुसरीकडे फ्रान्समधल्या रोकफोर गावच्या गुहांमध्ये मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये मुद्दाम पेनिसिलियमची निळी बुरशी वाढवतात. तिचं लायपेज दुधातला मेद तोडतं, सुट्या मेदाम्लांपासून बुरशी पुढे कीटोन तयार करते, आणि तो तिखट वास हीच त्या चीजची ओळख.

प्रत्येक लायपेजची तोडण्याची खोड वेगळी असते, आणि उपयोग त्या खोडीवर ठरतो. ऱ्हायझोपस या बुरशीचं लायपेज तीन साखळ्यांपैकी दोन टोकांच्याच तोडतं, मधलीला हात लावत नाही. कँडिडा रुगोसाचं तिन्ही तोडतं. जिओट्रिकम कँडिडमच्या एका लायपेजला ओलेइक आम्लासारखी, ठरावीक जागी दुहेरी बंध असलेली साखळीच विशेष आवडते.

कपड्यांच्या साबणात लायपेज आलं ते १९८८ साली. शर्टाच्या कॉलरवरचा काळपट पट्टा म्हणजे अंगावरच्या तेलात बसलेला मळ. इन्शुलिनमुळे आपल्याकडेही ठाऊक असलेल्या डेन्मार्कच्या नोवो कंपनीला थर्मोमायसेस लॅन्युजिनोसस या बुरशीत हवं तसं लायपेज सापडलं. ही बुरशी तापलेल्या कंपोस्टच्या ढिगात, ५० अंश सेल्सिअसच्या आसपास सुखानं वाढते, त्यामुळे तिचं विकरही दणकट. पण ती ते फारच थोडं तयार करी. म्हणून तिचं जनुक काढून अॅस्परजिलस ओरायझी या बुरशीत घातलं. जपानमध्ये सोया सॉस आणि मिसोसाठी शेकडो वर्षं वापरली जाणारी ही बुरशी भरभरून विकर सोडते. गंमत अशी, की त्या पहिल्या लायपेजचं खरं काम धुण्याच्या बादलीत होत नसे. कपडा पिळून वाळत घातला, पाणी बरंच उडालं, कापडात थोडीच ओल उरली, की ते जोरात काम करी आणि सुटा झालेला मेद पुढच्या धुण्यात निघून जाई. म्हणून त्याचा गुण एका धुण्यात न दिसता तीन-चार धुण्यांनंतर दिसे.

ओल कमी झाली की काम वाढतं, हे ऐकून कुणालाही पुढचा प्रश्न पडावा. पाणी जवळजवळ काढूनच टाकलं तर? १९८४ साली अमेरिकेत झॅक्स आणि क्लिबानोव्ह या शास्त्रज्ञांनी डुकराच्या स्वादुपिंडातलं लायपेज जवळजवळ कोरड्या सेंद्रिय द्रावकात ठेवलं आणि १०० अंशांपर्यंत तापवलं. पाण्यात ते क्षणात निकामी झालं असतं. इथे ते तासन्‌तास टिकलं. शिवाय उलटं कामही करू लागलं. तोडायला लागणारं पाणीच नव्हतं, मग ते साखळ्या जोडू लागलं. लायपेजला तोडणं आणि जोडणं या दोन्ही दिशा सारख्याच. कुठल्या दिशेनं जायचं हे पाणी ठरवतं. माझ्या दृष्टीनं या विकराची सगळी किंमत या एका वाक्यात आहे.

चॉकलेटचं उदाहरण घ्या. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे जिभेवर ठेवताच वितळतं, कारण त्याच्या रेणूत मधे ओलेइक आम्ल आणि दोन्ही टोकांना घट्ट मेदाम्लं अशी ठरावीक मांडणी असते. ते महाग असतं. पामतेलाच्या एका भागात मधे ओलेइक असतंच, फक्त टोकांना पामिटिक जास्त असतं. टोकांनाच हात लावणारं बुरशीचं लायपेज आणि थोडं स्टिअरिक आम्ल घेतलं की टोकं बदलता येतात आणि कोको बटरसारखा मेद मिळतो. या पद्धतीचे पेटंट युनिलिव्हरनं १९८० च्या सुमारास घेतले. आपल्या कोकणात मात्र हे काम झाडच करतं. हिवाळ्यात पायांच्या भेगांना लावतो ते कोकमाचं तेल, गोव्यातलं भिरंडेल, म्हणजे मुख्यतः मधे ओलेइक आणि टोकांना स्टिअरिक असलेलाच मेद. म्हणूनच कोको बटरला पर्याय म्हणून युरोपीय नियमांनी चॉकलेटमध्ये ज्या सहा वनस्पतिजन्य मेदांना मुभा दिली, त्यांत कोकम आहे.

जोडणीच्या कामातलं सर्वांत नावाजलेलं विकर कँडिडा अंटार्क्टिका या यीस्टचं. नावाप्रमाणेच ते यीस्ट अंटार्क्टिकात सापडलं. त्याच्या 'बी' लायपेजवर झाकण जवळजवळ नाहीच, त्यामुळे बांधाची वाट न पाहताही ते कामाला लागतं. बारीक मण्यांवर चिकटवून ते पुन्हा पुन्हा वापरतात. क्रीममधले मऊ एस्टर त्यानं बनतात, बायोडिझेलही बनवता येतं. बायोडिझेलसाठी लागणारं मिथेनॉल एकदम ओतलं तर मात्र विकर मरतं, म्हणून ते टप्प्याटप्प्यानं घालावं लागतं. औषधांच्या कारखान्यात लायपेज आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रेणूंतून हवा तो वेगळा काढून देतं. रक्तदाब आणि हृदयविकारावरचं डिल्टियाझेम तयार करताना सेराशिया या जिवाणूचं लायपेज नेमकं हेच करतं.

दवाखान्यात लायपेज दोन्ही बाजूंनी भेटतं. पोटात अचानक असह्य कळ आली आणि रक्तातलं लायपेज नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त निघालं, तर डॉक्टर स्वादुपिंडाला सूज असल्याचं धरून चालतात. स्वादुपिंड दुबळं झालेल्यांना विकरांच्या कॅप्सूल देतात. त्यांवर आम्लाला दाद न देणारं आवरण असतं, कारण जठरातल्या आम्लात हे लायपेज टिकत नाही. म्हणून त्या जेवणासोबत घ्यायच्या आणि चावायच्या नाहीत. उलट वजन कमी करण्यासाठीचं ऑर्लिस्टॅट हे औषध लायपेजच्या त्याच त्रिकुटातल्या सेरीनला चिकटतं आणि त्याला बंद पाडतं. खाल्लेल्या मेदाचा सुमारे ३० टक्के भाग मग न पचताच बाहेर पडतो. त्याचं मूळही एका मातीतल्या जिवाणूत, स्ट्रेप्टोमायसेस टॉक्सिट्रिसिनीमध्ये आहे.

शेवटी त्या लायपेजबद्दल, जे आपल्यातल्या बहुतेकांना पहिल्या दिवशीच मिळालेलं असतं. नवजात बाळाचं स्वादुपिंड अजून पुरेसं लायपेज करत नसतं, आणि दुधातली निम्मी ऊर्जा तर मेदात असते. ही उणीव आईचं दूधच भरून काढतं. त्यात एक खास लायपेज असतं. ते दुधात जवळजवळ निजलेलं असतं आणि बाळाच्या आतड्यात पित्त भेटलं की जागं होतं. नोकरी करणाऱ्या आया दूध काढून फ्रीजमध्ये ठेवतात, तेव्हा त्याला कधीकधी साबणासारखा वास येतो. दूध नासलं असं समजून ते ओतून देऊ नका. नीट साठवलेल्या दुधाला असा वास येतो तो दुधातल्या लायपेजनं मेद तोडायला सुरुवात केल्यामुळे. ते दूध बाळाला चालतं.

मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. तिथे दात्या मातांचं दूध जमा होतं आणि वेळेआधी जन्मलेल्या, वजनानं कमी असलेल्या बाळांना दिलं जातं. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी मातृदुग्ध पेढ्यांमध्ये दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. ते तापवायलाच हवं, त्यात तडजोड नाही. पण तेवढ्या उष्णतेत दुधातलं लायपेज नष्ट होतं. पेढीच्या दुधानं अनेक बाळांना आधार दिला आहे. तरीही बाळाच्या आईला स्वतःचं दूध येत असेल, तर पहिला मान त्या ताज्या दुधालाच द्यायचा.